चर्चेचे मैदान कोणाचे?

मराठी माणूस संगणकाच्या पडद्यावर चर्चेला बसू लागला, त्याला तीन दशके होत आली. 'मायबोली' 1996 साली सुरू झाली. पुढे 2004 मध्ये 'मनोगत' आणि 2007 मध्ये 'मिसळपाव' आले. परदेशी गेलेला अभियंता आणि पुण्या-मुंबईतला नोकरदार येथे एकत्र आले. पाककृतीपासून राजकारणापर्यंत सर्व विषयांवर, संपादकाच्या मर्जीची वाट न पाहता, सामान्य वाचक लिहू लागला. या घटनेचे मोल नाकारण्याचे कारण नाही. परंतु जेथे सर्वांना बोलता येते असे सांगितले जाते, तेथे प्रत्यक्षात कोण बोलतो आणि कोणाच्या भाषेत बोलतो, हे तपासल्यावाचून त्या मैदानाला लोकशाही म्हणता येणार नाही.

या समूहांचे वैशिष्ट्य म्हणजे टोपणनाव. धाराशिव-कळंबकडच्या कोणत्याही गावात परक्या माणसाला लवकरच आडनाव विचारले जाते, आणि त्या उत्तरावर पुढचे बोलणे ठरते. टोपणनावाने हा प्रश्नच बाद केला. आडनाव झाकून मोकळेपणी लिहिता येणे हे आमच्या माणसाला लहान सुख नव्हते. पण जात केवळ आडनावात राहत नाही. ती बोलीत, आठवणीत, जेवणाच्या ताटात राहते. 'काय करू लालास' असे लिहिणारा विनोदी पात्र ठरतो आणि प्रमाण मराठीत लिहिणारा विचारवंत ठरतो. 'मनोगत'ने शुद्धिचिकित्सक दिला. सोय म्हणून तो उपयोगी होता. परंतु शुद्धतेचे माप कोणत्या घरच्या बोलीवरून घेतले, हा प्रश्न कोणतेही यंत्र सोडवत नाही. राखीव जागांचा विषय निघाला की 'आपल्यासारख्यांनी काय करायचे?' असा सूर लागतो. या 'आपल्या'त आम्ही नसतो. निनावी माणूस सवर्णच असणार, असे गृहीत धरलेले असते. म्हणजे टोपणनावाने जात मोडली नाही. ती फक्त न विचारता ठरवली जाऊ लागली.

दुसरा प्रश्न मालकीचा. 31 जानेवारी 1920 रोजी 'मूकनायक' निघाला, तेव्हा पैसे देऊनही त्याची जाहिरात छापण्यास 'केसरी'ने नकार दिला होता. 3 एप्रिल 1927 रोजी बाबासाहेबांनी 'बहिष्कृत भारत' सुरू केला. 1967 नंतर गंगाधर पानतावणे यांनी 'अस्मितादर्श' चालवले आणि लेखक-वाचकांचे मेळावे भरवले. ज्याच्या हाती छपाई, त्याच्या हाती चर्चा, हे या माणसांनी ओळखले होते. आजची पिढी मात्र परक्याच्या अंगणात फड मांडून बसली आहे. 2014 मध्ये ऑर्कुट बंद झाले आणि तेथे जमलेले समूह विखुरले. अंगण ज्याचे, त्याने ते आवरले, इतकेच.

आता ही चर्चा व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांत उतरली आहे. आपल्या जिल्ह्यात जयंतीची वर्गणी, शिष्यवृत्तीची तारीख, अत्याचाराची बातमी गटावरूनच फिरते. ही गती मोलाची आहे. पण एकाने पाठवलेला मजकूर दुसरा न वाचता पुढे ढकलतो, मतभेद झाला की माणूस गटाबाहेर जातो किंवा घालवला जातो, आणि महिन्याभरापूर्वीचा युक्तिवाद कोणालाच सापडत नाही. शिवाय पोटजातीनिहाय गट वाढत आहेत.

येथे 1941 ची आठवण ठेवली पाहिजे. त्या वर्षी फेब्रुवारीत याच जिल्ह्यातील कसबे तडवळे येथे बाबासाहेबांच्या उपस्थितीत महार-मांग वतनदार परिषद भरली. वतनाच्या गुलामीत अडकलेले दोन समाज एका मांडवात समोरासमोर बसले. त्या चर्चेला विषय होता, उत्तरदायी माणसे होती आणि बोललेल्याचे ओझे होते. आजच्या गटांना हीच कसोटी लावली, तर किती टिकतील?

यंत्राला दोष देऊन हा प्रश्न सुटणार नाही. विद्यार्थ्यांनी आपल्या बोलीत, आपल्या नावानिशी लिहावे. शिक्षकांनी गटांतली मोलाची चर्चा उतरवून, तारीख घालून, नियतकालिकांकडे पाठवावी. कार्यकर्त्यांनी निदान तालुक्याच्या ठिकाणी महार, मांग, चांभार, ढोर, भटके असे सर्वजण एकत्र बसतील अशी बैठक चालवावी आणि तिचे इतिवृत्त ठेवावे. आमच्या आजोबांच्या पिढीचे बोलणे कोणी लिहून ठेवले नाही म्हणून हरवले. आम्ही तर दिवसभर लिहितो आहोत. तेही हरवले, तर दोष कोणाचा?