टक्केवारी कागदावरची आणि टाकीतली

पॅलेडियम हा धातू आपल्या आकारमानाच्या कितीतरी पट हायड्रोजन शोषून घेतो, हे टॉमस ग्रॅहम यांनी १८६६ साली दाखवले. धातूत हायड्रोजन साठवण्याची कल्पना तेव्हापासूनची. आज नवा हायड्राइड शोधायचा तर आधी संगणक गाठतात. अशा लेखांचा अलीकडे सुकाळ आहे. पण त्यांतले बरेचसे वाचताना एक शंका येते. यात साठवणुकीचा अभ्यास कितपत आहे?

साचा ठरलेला असतो. दोन धातू आणि हायड्रोजन यांची एक स्फटिकरचना गृहीत धरायची, पुंजयामिकीने तिची ऊर्जा काढायची आणि शेवटी दोन आकडे द्यायचे : हायड्रोजनचे वजनी प्रमाण आणि तो सुटण्याचे तापमान. हे तापमान काढण्याची रीत अकरावीच्या विद्यार्थ्यालाही जमेल. हायड्रोजनच्या एका मोलमागे लागणाऱ्या उष्णतेला एन्ट्रॉपीतील बदलाने, म्हणजे सुमारे १३० ज्यूल प्रति केल्विनने, भागायचे. मॅग्नेशियम हायड्राइडसाठी ही उष्णता सुमारे ७५ किलोज्यूल आहे. भागाकार येतो ५७७ केल्विन, म्हणजे जवळपास ३०० अंश सेल्सिअस. प्रयोगाशी हे जुळते, कारण हा पदार्थ सरळ मॅग्नेशियम आणि हायड्रोजन यांत विभागतो.

सगळे पदार्थ इतके सरळ नसतात. सोडियम अॅलनेटचे (NaAlH₄) उदाहरण घ्या. सूत्रावरून हायड्रोजन भरतो शेकडा ७.५. प्रत्यक्षात तापवल्यावर आधी Na₃AlH₆ आणि अॅल्युमिनियम तयार होतात, मग सोडियम हायड्राइड उरतो. या सोडियम हायड्राइडमधला हायड्रोजन ४०० अंशांच्या पुढे गेल्याशिवाय नीट सुटत नाही. हाती येतात शेकडा ५.६, तेही टाकीचे वजन न धरता. संयुगाची ऊर्जा नुसती सुट्या मूलद्रव्यांशी ताडून काढलेले तापमान हे अशा वेळी न घडणाऱ्या अभिक्रियेचे तापमान ठरते.

दुसरी अडचण वेगाची. हायड्रोजन सोडलेले अॅलनेट सोयीच्या तापमानाला व दाबाला पुन्हा भरता येत नाही, असेच मानले जात होते. १९९७ साली जर्मनीत बोगदानोविच आणि श्विकार्डी यांनी त्यात थोडे टायटॅनियम मिसळले आणि ते भरू लागले. हा शोध प्रयोगशाळेतला. नुसत्या ऊर्जेच्या आकड्यात तो दिसला नसता.

तिसरी गोष्ट अचूकतेची. गणनेत १० किलोज्यूलची चूक सहज होऊ शकते. १३० ने भागून पाहा : तापमान ७७ अंशांनी सरकते. तरीही काही लेखांत ते दशांश चिन्हापुढे दोन स्थळांपर्यंत छापलेले असते!

याचा अर्थ संगणक निरुपयोगी आहे असा नाही. २००६ साली अमेरिकेत अलापती, जॉन्सन आणि शोल यांनी शंभरावर अभिक्रिया संगणकावर तपासल्या आणि प्रयोगासाठी मोजक्याच निवडल्या. त्यांनी गणित मांडले ते पूर्ण अभिक्रियेचे, तयार होणाऱ्या पदार्थांसकट. चाळणीचे काम असेच व्हावे.

शिक्षकांनी असा एखादा लेख वर्गात जरूर आणावा. विद्यार्थ्यांनी अणुभारांवरून टक्केवारी स्वतः काढावी आणि मग तीन प्रश्न विचारावेत : हायड्रोजन सुटल्यावर मागे काय उरते? तो परत भरता येतो का? किती वेळात? ज्या लेखात या प्रश्नांचा उल्लेखही नाही, तो स्फटिकाविषयी काही सांगत असेल. साठवणुकीविषयी मात्र फारसे काही सांगत नाही.