विंचवाचा उतारा

वाळूजच्या कारखान्यांना लागून पंढरपूर नावाचे गाव आहे. आषाढीला तिथे लोटणारे भाविक त्याला ‘छोटे पंढरपूर’ म्हणतात. भीमाकाठ इथून दूर, पण नाथांचे पैठण शेजारचे. नाथांची भारुडे ४०० वर्षांहून अधिक काळ लोकांच्या ओठांवर का राहिली, हे पाहायचे तर ‘विंचू चावला’ घ्यावे.

या गीतातले चातुर्य लपवाछपवीचे नव्हे. हा विंचू कामक्रोधाचा, हे नाथ आरंभीच सांगून टाकतात. एखाद्या धूर्त कवीने ते कोडे शेवटपर्यंत राखले असते! तरीही ऐकणाऱ्याला घाम फुटतो. नांगीची आग त्याच्या ओळखीची असते. पुढे सत्त्वगुणाचा उतारा येतो. खरी गंमत त्यानंतर आहे. उताऱ्यानेही ठणका पुरता जात नाही. थोडा उरतोच, आणि तो शमवायला गुरू लागतात, देवगिरीचे जनार्दनस्वामी. उपदेशाच्या गाण्यात इतका प्रामाणिकपणा विरळा.

हल्ली पुष्कळदा तडफडण्याचा अभिनयच लांबत जातो, हशा पिकतो आणि हे शेवटचे कडवे घाईत उरकले जाते. ते तरी गाणाऱ्यांनी टाळ हलके ठेवून, सावकाश म्हणावे.