पेट्रूचिओ की पेट्रूकिओ? : नाटकातल्या नावांचे उच्चार

मंडळी, मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यांनी विचारलं होतं, 'शेक्सपिअरच्या पात्रांची नावं बरोबर कशी म्हणायची, याची एक यादी द्याल का?' यादी आम्ही देणार नाही. का, ते सांगतो.

आम्ही कॉलेजात असताना 'द टेमिंग ऑफ द श्रू' नेमलेलं होतं. एका मुलानं मोठ्यानं वाचताना 'पेट्रूचिओ' म्हटलं. सरांनी तिथंच थांबवलं. 'पेट्रूकिओ म्हणा. इटालियन नाव आहे, सी-एच म्हणजे क.' वर्ग हसला. आम्हीही हसलो. मुलगा गावाकडून आलेला, मराठी शाळेतला. वर्षभरात त्यानं पुन्हा काही वाचलं नाही.

आता बघा. इटालियनमध्ये 'आय'च्या आधीचा सी-एच म्हणजे क, हे सरांचं खरंच होतं. पण मूळ इटालियन नाव सी-एचचं नाहीच. ते 'पेत्रुच्चो', दोन सींचं, आणि त्यातला उच्चार च. जॉर्ज गॅस्कॉइनच्या 'सपोझेस' या १५६६ च्या नाटकातून शेक्सपिअरनं या नाटकाचं उपकथानक घेतलं. तिथंही हे नाव आहे, आणि त्यात एच नाही. मग हा एच आला कुठून? इंग्रज नटानं नुसता सी बघून 'स' म्हणू नये, 'चर्च'मधला च म्हणावा म्हणून. म्हणजे मुलगा बरोबर होता आणि आम्ही सगळे चूक. 'मच अडू अबाउट नथिंग'मधला बोराचिओ असाच. स्पॅनिशमध्ये 'बोराचो' म्हणजे दारुडा, आणि हा गडी स्वतःच म्हणतो की अस्सल दारुड्यासारखं सगळं सांगून टाकतो. तिथं क केला की विनोद मेला. (च चा घोळ आपल्याला तरी नवा नाही. 'चमचा' आणि 'चहा' या दोन्हींतला च आपण एकाच अक्षरानं लिहितो आणि बिनचूक वेगवेगळा म्हणतो.)

मुद्दा असा, की शब्दकोशात किंवा लंडनच्या साहेबाच्या तोंडाकडे बघण्याआधी संहितेकडे बघावं. शेक्सपिअरची पद्यातली ओळ साधारण दहा अक्षरांची, एक आघातहीन आणि एक आघाताचं, अशा पाच जोड्या. वृत्तात बसवताना आपल्याकडे कवी ऱ्हस्वाचं दीर्घ करतो, हे आपण शाळेत शिकलो. तसंच इथंही वृत्त चुगली करतं.

'ट्वेल्फ्थ नाइट'ची नायिका घ्या. पहिल्या अंकापासून ती रंगमंचावर आहे, पण तिचं नाव प्रेक्षकाला पाचव्या अंकापर्यंत ऐकूच येत नाही. आपण छापील प्रतीत वाचतो म्हणून आपल्याला ठाऊक असतं. नाटकघरातल्या माणसाला ती फक्त पुरुषवेषातली सिझारिओ. शेवटी, बुडून मेला असं वाटलेला भाऊ समोर उभा राहतो आणि त्याच्या तोंडून ते नाव पहिल्यांदा निघतं, ओळीच्या अगदी शेवटी. तिथं तीन अक्षरं हवीत आणि जोर पहिल्यावर : व्हाय-ओ-ला. वाद्याच्या नावासारखं 'व्हिओला' म्हणून मधल्या अक्षरावर जोर दिला की ओळ लंगडते, आणि लंगडते ती नेमकी त्या जागी, जिथं सगळं नाटक त्या एका शब्दाची वाट बघत थांबलेलं असतं. हा दोष आम्हाला पेट्रूकिओपेक्षा मोठा वाटतो.

रोझलिंडचं वेगळं. 'ॲज यू लाइक इट'मध्ये ऑर्लंडो झाडांवर कविता टांगतो आणि तिच्या नावाला 'माइंड'चं यमक जुळवतो. म्हणजे तिथं रोझलाइंड. मग नाटकभर तसंच म्हणायचं? आम्हाला नाही वाटत. कवितेपुरतं म्हणावं, विदूषक टचस्टोन लगेच त्या यमकांची टर उडवतो, तीही मग पोचते.

त्याच नाटकातल्या जेक्वीझवर मात्र एकमत होणं कठीण. पद्याच्या ओळी त्याला दोन अक्षरं मागतात. पण 'जेक्स' म्हणजे त्या काळच्या बोलीत शौचकूप. जॉन हॅरिंग्टननं १५९६ मध्ये याच कोटीवर एक अख्खं पुस्तक लिहिलं होतं. टचस्टोन त्याला नावानं हाक न मारता 'अमुकतमुक महाशय' अशा थाटात बोलावतो, ते उगाच नाही. फ्रेंच धर्तीवर 'झाक' म्हणणारे नट दोन्हीकडून हुकतात : अक्षरही जातं आणि वासही.

देवनागरीत ही पळवाट नाही. रोमन लिपीत नाव जसंच्या तसं ठेवून उच्चार नटावर सोडता येतो. आपल्या अनुवादकाला लिहितानाच ठरवावं लागतं. देवलांनी ऑथेल्लोचा थेट झुंझारराव केला आणि प्रश्नच मिटवला.

जाता जाता मार्लोचा डॉक्टर. गटेच्या ओळखीमुळे आता बरेच जण त्याला 'फाउस्टुस' म्हणतात. पण त्या काळी हे नाटक ज्याच्या नाटकघरात होत होतं, त्या फिलिप हेन्स्लोची हिशेबवही शाबूत आहे. १५९४ मधल्या गल्ल्याच्या नोंदीत त्यानं नाव लिहिलंय ते 'फॉस्टोस' असं. स्पेलिंगमध्ये हा माणूस अगदी कच्चा. आमच्या त्या वर्गात त्यालाही हसले असते. पण तो कानानं लिहीत होता, आणि म्हणूनच लंडनमध्ये तेव्हा ते नाव कसं ऐकू येत होतं, हे आज आपल्याला त्याच्याकडून कळतं.