तबकडीची पाठ

जुन्नरच्या पूर्व पट्ट्यात, निमगाव सावा काय किंवा नारायणगाव काय, खोडदची रेडिओ दुर्बीण कोणाला समजावून सांगावी लागत नाही. तिचे फोटोही उदंड, पण बहुतेक एकाच साच्याचे: पांढरी तबकडी, निळं आकाश, झालं. माझ्याजवळचा, एका मित्राने कांद्याच्या शेताच्या बांधावरून काढलेला फोटो मात्र मागून घेतला आहे, ऊन कलल्यावर.

यंत्राची पाठ सहसा कोणी दाखवत नाही. इथे तोच चित्राचा विषय. मध्यापासून काठाकडे झेपावलेल्या नळ्यांच्या १६ कमानी आणि त्यांच्या मध्ये ताणलेले तारदोर. नजर कमानीवरून सरकत कडेला येते आणि तिथे धरायला काही न सापडून थेट ढगात जाते. ४५ मीटर व्यासाची वस्तू पुढ्यात असून आकाश झाकलं जात नाही!

ही करामत जितकी छायाचित्रकाराची, तितकीच ही दुर्बीण उभारणाऱ्या गोविंद स्वरूप यांची. एवढी तबकडी भरीव पत्र्याची केली तर वारा तिला ढकलणार, तिला तोलायला आणखी लोखंड लागणार आणि खर्च हाताबाहेर जाणार. म्हणून तारदोर ताणून त्यांवर जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीच्या स्टेनलेस स्टीलच्या तारांची जाळी बसवली. तिची भोकं मध्यभागी १० मिलिमीटरची, मधल्या पट्ट्यात १५, काठाशी २०. अवकाशातल्या हायड्रोजनकडून येणारी रेडिओ लहर २१ सेंटिमीटरची. तिच्या लेखी ही भोकं नसल्यातच जमा, ती जाळीवरून परावर्तित होते. वारा मात्र आरपार जातो. फोटोत तबकडी काठाकडे विरळ होत जाते ती याच हिशेबाने, आणि हा हिशेब कळल्यापासून मला तो फोटो जास्तच देखणा दिसतो.

डाव्या काठाशी जरा थांबून पाहावं. जाळीचा एक तुकडा उन्हात चमकतो आहे, शेजारचा काळसर आहे आणि दोघांमधली रेघ अगदी सरळ. ताणलेला दोर सरळच राहणार. त्यामुळे दुरून भासणारी सगळी गोलाई गोधडीच्या ठिगळांसारखी सपाट तुकड्यांनी जोडलेली आहे. भर दुपारी हे उमगलं नसतं.

यंत्रांना असं निरखणारे आधीही होते. जर्मनीतले छायाचित्रकार बर्न्ट आणि हिला बेशर १९५९ पासून पाण्याच्या टाक्या, झोतभट्ट्या टिपत राहिले: ढगाळ उजेड, सरळ समोरचा कोन, माणूस नाही. १९९० मध्ये व्हेनिसच्या द्वैवार्षिकात त्यांना पारितोषिक मिळालं, तेही शिल्पकलेचं. आपल्याकडे मुंबईचे छायाचित्रकार मित्तर बेदी यांनी कारखान्यांच्या धुराड्यांना, नळांना तशीच प्रतिष्ठा दिली. बेशर यांच्या शिस्तीत हा फोटो बसणार नाही, कारण तळाशी कांद्याची पात आहे आणि खुरपणारी एक बाई. ती पट्टी कापावी असं एकाने सुचवलं. मला ते साफ नामंजूर आहे. या दुर्बिणीच्या ३० पैकी १४ तबकड्या खोडदजवळ एका चौरस किलोमीटरच्या आसपास आहेत, बाकीच्या १६ तीन दिशांना २५ किलोमीटरच्या विस्तारात गावागावांच्या शिवारांत. शिवार कापलं तर तबकडी कुठलीही होईल, आणि बाई गेली तर तबकडीची उंचीही कळणार नाही.

एकच गोष्ट खटकते. जाळीपलीकडे, चार पायांवर तोललेला, लहरी टिपणारा फिरता संच दिसतो. सगळ्या लहरी तिथेच गोळा होतात. नेमका तो एका कमानीआड अर्धा लपला आहे. मित्र बांधावरच थोडा डावीकडे सरकला असता तर पुरा दिसला असता. पुढच्या खेपेला तेवढं त्याला सांगणार आहे.