रुळाकाठचा ‘भारतीय’

व्ही. एस. नायपॉलचं ‘ॲन एरिया ऑफ डार्कनेस’ हे १९६४ सालचं पुस्तक परवा पुन्हा वाचलं. लेखक त्रिनिदादचा, पूर्वज इथून मळ्यावर मजुरीला गेलेले. तो लिहितो, भारतीय माणूस रुळांवर, समुद्रकाठी, रस्त्यात, कुठंही बसतो आणि इथल्यांना ते दिसतच नाही.

खोटं नाही. आम्ही नालासोपाऱ्यात रुळाकाठीच वाढलो. पण तिथं बसणारी बाई काय भारतीय स्वभावापायी बसायची? वस्तीला संडास नाही, पाणी नाही. अंधार पडेस्तोवर ती पोट दाबून थांबायची. आणि गाडीचा दिवा अंगावर आला की झटकन उभी राहायची. हे उभं राहणं नायपॉलच्या ‘भारतीया’त कुठंच बसत नाही.

त्याचं श्रेय मात्र बुडवू नये. झाडूवाल्याकडून सफाई नको असते, त्यानं हीन राहणं हवं असतं, हे त्यानं ओळखलंय. आपल्या देशभक्तांना तेवढंही दिसलं नव्हतं. १९२७ साली मिस मेयोचं ‘मदर इंडिया’ आलं. गांधींनी त्याला गटार-तपासनिसाचा अहवाल म्हटलं. गटारात उतरणाऱ्याचा अहवाल कोण मागणार? त्याच वर्षी २० मार्चला बाबासाहेब महाडात चवदार तळ्याचं पाणी प्याले.

मात्र झाडू कुणाच्या हातात आहे हे कळूनही नायपॉल दोष टाकतो तो अख्ख्या ‘भारतीय’ माणसावर. म्हणजे झाडू देणाराही भारतीय, घेणाराही भारतीय, हिशेब मिटला! १९९०च्या पुस्तकाची सुरुवात तो मुंबईतल्या आंबेडकर जयंतीच्या गर्दीनं करतो, पुढं नामदेव ढसाळांना भेटतो. माणसं वेगळी दिसायला सव्वीस वर्षं गेली.

आता आपलं बघू. विरार लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौघं कोंबून बसतात. त्या रात्री एका बाकावर एकटा आफ्रिकन पोरगा, शेजारी दोन जागा मोकळ्या, आणि डबा खच्चून उभा. उभ्यांत आपले दोन कार्यकर्ते, खिशाला निळा बिल्ला.

“बसा की रे.”

“नायजेरियन हाय दादा. ड्रग्जवाले असतात ते.”

त्याचा देश कुणी विचारला होता? पोरगा खिडकीबाहेर बघत होता. अशी जागा त्याच्याशेजारी पहिल्यांदा मोकळी राहिली नसणार.

मीही उभाच होतो. भाईंदरचा पूल गेला, वसई गेली, तेव्हा बसलो. पुढचं स्टेशन नालासोपारा. तो उतरून गेला.