रेडिओविना जमलेले श्रोते

रेडिओवर एखादे गाणे गाजल्याखेरीज गाणाऱ्या मंडळींना श्रोते जमत नाहीत, असे रॉक बँडांच्या बाबतीत सांगतात. आपल्याकडेही १९५५-५६ साली पुणे आकाशवाणीने ‘गीतरामायण’ घरोघर पोचविले, हा दाखला आहेच. परंतु झाडीपट्टीच्या रंगभूमीपुढे हा नियम टिकेलसे मला वाटत नाही.

भाऊबीज सरली, धान घरात येऊ लागले, की गडचिरोली-चंद्रपुराकडच्या गावांतून रात्र-रात्र नाटके रंगतात. मंडळ्यांची ठाणी वडशाला. गावकरी तेथे जाऊन नाटक ठरवितात. पाहुण्यारावळ्यांनी घर भरलेले, ऑर्गन-तबला रंगमंचापाशी, आणि गाणारा नट डोळ्यांसमोर! पद फसले तर तेही तिथेच कळते. गाव ज्या मंडळीवर खूष होते, तिला पुन्हा बोलावते. याच रंगभूमीवरचे परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री जाहीर झाली.

तरी माझी एक तक्रार आहेच. नाटकातले चांगले पद झाडीपट्टीबाहेर फारसे कुणाच्या कानी पडत नाही. प्रेक्षक जमविण्यासाठी रेडिओ नको, हे कबूल. पण ते पद उरावे म्हणून त्याचे नीट ध्वनिमुद्रण नको काय? नागपूर आकाशवाणीवर अशी पदे वारंवार लागली, तर ऐकायला मी आनंदाने बसेन.