'पॅनिक' आला, पण चूक कोणाची?

कॉम्प्युटर आर्किटेक्चरमध्ये संशोधन करायचं म्हटलं की जेम-फाइव्हशी गाठ पडतेच. मिशिगनचा एम-फाइव्ह आणि विस्कॉन्सिनचा जेम्स यांच्या एकत्रीकरणातून हा सिम्युलेटर तयार झाला, 2011 मध्ये त्यावरचा पेपर आला. साधन उत्तम आहे, वाद नाही. पण मेमरी क्रॅशच्या बाबतीत ते नवख्या माणसाला चकवतं, ही माझी तक्रार.

त्याच्या कोडमध्येच नियम लिहिलाय: चूक वापरणाऱ्याची असेल तर 'फेटल', सिम्युलेटरची असेल तर 'पॅनिक'. आता समजा, सिस्टिम-कॉल एम्युलेशन मोडमध्ये तुमच्याच सी प्रोग्रामचा पॉइंटर भरकटला. तरी स्क्रीनवर येतं काय? 'पॅनिक', आणि पुढे पेज टेबल फॉल्ट!

वलगावात नसलेल्या घराचा पत्ता तुम्ही पाकिटावर लिहिलात, तर दोष पोस्टमनचा का? इथे मात्र पोस्टमनच म्हणतो, चूक माझी. मग आपण जीडीबी लावून बॅकट्रेस वाचत बसतो. त्यात सिम्युलेटरची फंक्शन्स दिसतात, आपल्या प्रोग्रामची ओळ नाही.

अर्थात, कधीकधी चूक खरंच सिम्युलेटरची असते. या मोडमध्ये सिस्टिम कॉलची नक्कल तोच करतो. 'एमॅप'ची नक्कल बिघडली तर पेज गायब होणारच. पण मग संदेशाने दोन्ही शक्यता सांगायला हव्यात.

तोवर तुम्ही काय कराल? तोच प्रोग्राम आधी थेट मशीनवर, ॲड्रेस सॅनिटायझर लावून चालवा. तिथेही पडला तर चूक तुमच्या प्रोग्रामची. आणि सिम्युलेटर स्वतःच सेगमेंटेशन फॉल्टने कोसळला, तर डीबग बिल्ड घेऊन जीडीबी लावा. तिथे बॅकट्रेस खरंच कामाचा. आधी तुम्ही लिहिलेला कोड तपासा: पॅकेट पुढच्याने स्वीकारल्यावर ते आपलं राहत नाही, त्याला नंतर हात लावलात की गडबड झालीच.

हे एवढं का सांगतोय? कारण कंटाळून आपण क्रॅश होणारा बेंचमार्क यादीतून गाळून टाकतो. तो जर मेमरीवर सर्वात जास्त ताण देणारा असेल, तर तुमच्या कॅशेची खरी परीक्षाच टळली. उरलेल्यांची सरासरी छान दिसेल, पण ती खरी नसेल. गाळावाच लागला, तर पेपरात तसं कारणासकट लिहा.